प्रयोगशाळेचा काटा कोण तपासतो?



काही वर्षांपूर्वी बर्ड फ्लूच्या दिवसांत एका गावच्या सभेला मी हजर होतो. गावाबाहेरच्या एका पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मेल्या होत्या. नमुने तपासून आले होते, आणि ठरलेल्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरायच्या असा हुकूम निघाला होता. पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर लोकांना समजावून सांगत होते. त्या टापूत एका म्हातारीचे घर येत होते. तिच्या अकरा गावरान कोंबड्या. अंडी विकून ती आपले मीठ-मिरची भागवायची. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, माझ्या कोंबड्या चांगल्या चालत्या-फिरत्या हायेत. तिकडं लांब भोपाळला त्या मशीननं सांगितलं म्हणून तुम्ही ह्यांच्या माना मुरगाळणार. आन् ते मशीन खोटं बोललं असंल तर?"

डॉक्टरांनी आजार किती वाईट आहे ते सांगितले. सरकारी भरपाईचेही सांगितले. पण म्हातारीचा प्रश्न तो नव्हता. मशीन खोटे बोलते का, एवढेच तिला विचारायचे होते. सभेत त्याचे उत्तर कोणी दिले नाही. मीही दिले नाही, कारण मलाच ते नीट ठाऊक नव्हते. मी शेतीचा पदवीधर. माती, पाणी, बी-बियाणे हा माझा विषय. पुढे जाणकारांना विचारले, वाचले, तेव्हा कळले की प्रयोगशाळेतल्या लोकांनाही हाच प्रश्न रोज पडतो, आणि त्यासाठी त्यांनी एक चांगली युक्ती काढलेली आहे. आज ती युक्ती सांगतो.

एका निकालावर किती अवलंबून असते

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आपल्या देशातल्या कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदाच सापडला होता. लाखो पक्षी मारावे लागले आणि नवापूरचा भरभराटीचा पोल्ट्री धंदा पार बसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी तीच पाळी आली. दोन्ही वेळा पक्का निकाल भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने दिला.

आता पाहा, त्या म्हातारीच्या कोंबड्या कोणी तपासल्याच नव्हत्या. तपासल्या त्या पलीकडच्या पोल्ट्रीतल्या. पण त्या निकालावर टापूतली सगळी खुराडी रिकामी होणार होती. निकाल चुकून "आहे" असा आला, तर गरिबाच्या कोंबड्या फुकट जातात. चुकून "नाही" असा आला, तर रोग बाजारच्या गाडीत बसून दहा गावे फिरतो, आणि हा रोग क्वचित माणसालाही होतो. म्हणून म्हातारीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, अगदी मुद्द्याचा होता.

चाचणी करते काय?

विषाणू म्हणजे काय, तर आवरणात गुंडाळलेला एक लेख. आपल्यासारखा दुसरा विषाणू कसा घडवायचा ते त्या लेखात असते. माणूस, बैल, ज्वारी, गवत या सगळ्यांचे लेख डीएनए नावाच्या टिकाऊ पदार्थात लिहिलेले असतात. बर्ड फ्लूच्या विषाणूचा लेख मात्र आरएनए या नाजूक पदार्थात असतो.

या दोहोंचे नाते आपल्याला चटकन कळेल. तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंद म्हणजे डीएनए. ती जागची हलत नाही. आपल्याला काम पडले की तिचा सातबाराचा उतारा निघतो, तो म्हणजे आरएनए. काम झाले की उतारा फाटतो, पण मूळ नोंद राहते. पेशीत असेच चालते. बर्ड फ्लूच्या विषाणूपाशी मात्र मूळ दप्तरच नसते. त्याचा सगळा संसार अशा आठ तुकड्यांच्या कागदावर असतो. आठही मिळून अक्षरे सुमारे साडेतेरा हजार.

चाचणीला दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत एका विकराच्या मदतीने आरएनएवरून डीएनए तयार करतात, म्हणजे उताऱ्यावरून उलट दप्तर लिहितात. हे विकर १९७० मध्ये सापडले आणि ते शोधणाऱ्यांना १९७५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या पायरीत त्या डीएनएचा ठरलेला तुकडा दुपटीने वाढवत नेतात. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांत एकाचे १०२४ होतात, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर जातात आणि तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर. इतके झाले म्हणजे यंत्राला ते दिसतात. करोनाच्या वेळी नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर तपासणी आपण सगळ्यांनी केली, ती हीच.

नमुन्यात विषाणूचा आरएनए असला तर यंत्र तो दाखवते, नसला तर काही दाखवत नाही. आता खरी अडचण इथेच आहे. यंत्राने काही दाखवले नाही, याचे अर्थ दोन होतात. एक, विषाणू नाही. दुसरा, विषाणू होता पण विकर उन्हाने खराब झाले होते, औषध जुने होते, किंवा यंत्र बिघडले होते. कोरा कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो.

काट्यावर ठेवायचे वजन

आपण कापूस घेऊन गेलो आणि व्यापाऱ्याच्या काट्याचा संशय आला तर काय करतो? वजनमाप खात्याचा शिक्का असलेले वीस किलोचे वजन काट्यावर ठेवायला लावतो. काट्याने वीस दाखवले तर काटा खरा. मग आपला माल चढवतो.

प्रयोगशाळेलाही असे शिक्क्याचे वजन लागते. ज्यात विषाणूचा आरएनए नक्की आहे, आणि किती आहे तेही माहीत आहे, असा नमुना. त्याला आपण खात्रीचा नमुना म्हणू.

खरा विषाणू वाढवून असा नमुना करता येतो. पण जिवंत बर्ड फ्लू हाताळायला फार बंदिस्त जागा लागते. आतली हवासुद्धा गाळून बाहेर सोडावी लागते. देशात अशा जागा मोजक्या. प्रत्येक जिल्ह्याच्या तपासणीसाठी जिवंत विषाणूच्या बाटल्या गाडीतून पाठवणे म्हणजे गवताच्या गंजीत शेकोटी पेटवण्यासारखे आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूशिवाय विषाणूचा उतारा काढायची सोय केली. ती सोय म्हणजे प्लाझ्मिड.

प्लाझ्मिड म्हणजे काय?

जिवाणूंच्या अंगात मूळ दप्तराखेरीज डीएनएच्या लहान-लहान गोल कड्या असतात. बांगडीसारख्या. १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यांना प्लाझ्मिड हे नाव दिले. या बांगडीत आपल्याला हवा तो डीएनएचा तुकडा जोडता येतो, हे १९७३ साली दाखवले गेले. तुकडा जोडलेली बांगडी जिवाणूत सोडली की जिवाणू वाढतो तशी बांगडीही वाढते. रात्रभरात कोट्यवधी बांगड्या. ई. कोलाय नावाचा आतड्यात राहणारा जो जिवाणू आहे, त्याचे प्रयोगशाळेत पाळलेले निरुपद्रवी वाण या कामाला वापरतात. त्याला खायला घातले की झाले, दावणीच्या बैलासारखा कामाला तयार.

बर्ड फ्लूच्या आठ तुकड्यांपैकी एका तुकड्याचा लेख डीएनएत उतरवून या बांगडीत बसवतात. बहुतेक वेळा सर्व प्रकारच्या फ्लूत फारसा न बदलणारा, सुमारे हजार अक्षरांचा एक तुकडा घेतात. त्याच्या अगदी आधी एक खूण असते. ही खूण टी-७ नावाच्या विषाणूकडून घेतलेली आहे. तो जिवाणूंनाच गाठणारा विषाणू आहे. त्याचे एक विकर असे एकमार्गी की ते आपली खूण सोडून दुसरीकडे बसतच नाही. खूण दिसली की तिथे बसायचे आणि पुढे जे लिहिले असेल त्याचा आरएनए उतारा काढत सुटायचे, एवढेच त्याला येते. या कामासाठी खास बनवलेली प्लाझ्मिडे १९८० च्या दशकापासून प्रयोगशाळांत रुळली आहेत.

आता कृती पाहू. पहिल्यांदा जिवाणूंतून बांगड्या वेगळ्या काढतात. मग दुसऱ्या एका विकराने प्रत्येक बांगडी आपल्या तुकड्याच्या शेवटी बरोबर कापतात. असे का? बांगडीला टोक नसते. नांगर बांधापाशी येऊन थांबतो, पण घाण्याचा बैल फिरतच राहतो. बांगडी कापली म्हणजे शेताला बांध मिळाला. विकर खुणेपासून निघते, टोकापर्यंत जाते आणि गळून पडते. पुन्हा नवे बसते, पुन्हा निघते. दोन-चार तासांत एकेका बांगडीवरून कितीतरी उतारे निघतात, सगळे एकाच मापाचे.

हा उतारा विषाणूच्या एका तुकड्याचा असतो. उरलेले सात तुकडे त्यात नाहीत, आवरण नाही, पेशीत शिरायची सोय नाही. त्यामुळे तो कोंबडीला किंवा माणसाला आजारी पाडू शकत नाही. ट्रॅक्टरचे एक चाक आवारात पडले म्हणून ट्रॅक्टर शेतात जात नाही, तसेच हे.

जाता जाता सांगतो, हीच रीत लस करायलाही उपयोगी पडली. करोनाच्या एमआरएनए लसी अशाच उताऱ्यांच्या असतात. आपल्या पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने देशातली पहिली एमआरएनए लस तयार केली आणि तिला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली.

मग सरळ बांगडीच का वापरत नाहीत?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? बांगडी आहेच, तीच काट्यावर ठेवा. काही ठिकाणी तसे करतातही. पण त्यात एक खोट आहे.

चाचणीच्या दोन पायऱ्या आठवा. आरएनएवरून डीएनए ही पहिली. डीएनए वाढवणे ही दुसरी. बांगडी मुळातच डीएनएची. ती टाकली तर पहिल्या पायरीची गरजच पडत नाही. पहिल्या पायरीचे विकर मेलेले असले तरी बांगडीचा नमुना उत्तम निकाल दाखवील, आणि शेजारच्या नळीत खऱ्या कोंबडीचा नमुना कोरा येईल. आपण समजू, कोंबडी निरोगी आहे.

विहिरीवरची मोटर चालते का ते पाहायचे आणि पाणी मात्र घागरीने थेट पाटात ओतायचे, असा हा प्रकार. पाट वाहतो एवढे कळले. मोटर पाणी उचलते की नाही, ते कुठे कळले?

म्हणून उतारा काढून झाला की त्यात उरलेल्या बांगड्या दुसऱ्या एका विकराने चावून नष्ट करतात. उरतो निव्वळ आरएनए. त्याला दोन्ही पायऱ्या चढाव्याच लागतात, खऱ्या विषाणूच्या आरएनएसारख्या.

मोजमाप

या वजनाचा आणखी एक गुण म्हणजे ते मोजता येते. उताऱ्यात अक्षरे किती ते ठाऊक असते, म्हणून वजनावरून प्रती काढता येतात. हजार अक्षरांचा उतारा एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग घेतला, तर त्यात सुमारे पावणेदोनशे कोटी प्रती असतात. मग एक भाग उतारा आणि नऊ भाग पाणी असे पातळ करतात. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग पाणी. असे नऊ वेळा केले की त्याच मापात एक-दोन प्रती उरतात. या सगळ्या पायऱ्या यंत्रात घालून पाहतात. जिथपर्यंत यंत्र ओळखते तो त्या चाचणीचा तळ. किलोचा दाणा ओळखणारा काटा सोन्याला चालत नाही, तसे कोणती चाचणी किती बारीक तोलते ते यावरून ठरते.

वजनच मालात मिसळले तर?

पण प्रत्येक औजाराला आपली जोखीम असते. चिमूटभर उताऱ्यात कोट्यवधी प्रती. त्यातला न दिसणारा एखादा शिंतोडा कोंबडीच्या नमुन्यात उडाला तर निरोगी कोंबडी रोगी ठरेल. म्हणून उतारा तयार करायची खोली वेगळी, नमुने भरायची वेगळी. हातमोजे वेगळे, अंगरखे वेगळे. बियाण्याच्या प्लॉटभोवती आपण दुसऱ्या वाणाचे पीक लांब ठेवतो, तेच तत्त्व. काही प्रयोगशाळा आपल्या उताऱ्यात मुद्दाम थोडा बदल करून ठेवतात, गुरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. कुठे मिसळला तर ओळखू येतो.

आणि प्रत्येक खेपेला एका नळीत नुसते शुद्ध पाणी भरतात. पाण्यात विषाणू दिसला तर काहीतरी मिसळले हे नक्की.

ही काळजी न घेतल्याने मोठ्या मोठ्यांची फजिती झाली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने करोना तपासणीचे संच राज्याराज्यांना धाडले. तिथल्या प्रयोगशाळांनी पाण्याची नळी लावून पाहिली, तर अनेक ठिकाणी पाण्यातच विषाणू निघाला! पुढे चौकशीत दिसले की संचाच्या एका भागात कृत्रिम खात्रीचा नमुना मिसळला होता आणि दुसऱ्या एका भागाची रचनाच सदोष होती. रोग पसरत होता त्या दिवसांत कित्येक आठवडे वाया गेले. पण चूक पकडली कोणी? पाण्याच्या साध्या नळीने.

तेव्हा निकाल वाचायची रीत अशी. खात्रीच्या नमुन्यात विषाणू दिसला आणि पाणी कोरे राहिले, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा. खात्रीचा नमुना कोरा आला, तर त्या खेपेचे "नाही" धरायचे नाही. पाण्यात काही दिसले, तर त्या खेपेचे "आहे" धरायचे नाही. दोन्ही वेळा सगळी खेप रद्द करून काम पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या हातात काय?

या वजनाने प्रयोगशाळेचा काटा तपासला जातो. पण तुमच्या अंगणातून गेलेला नमुनाच सडका असेल, तर काटा कितीही खरा असून उपयोग नाही. आरएनए नाजूक आहे. उन्हाने आणि उशिराने तो मोडतो. म्हणून एवढे करा.

१. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तुरा-गलोल सुजून निळसर पडले, अंडी एकदम घटली, माना टाकल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. "बघू उद्या" म्हणू नका.

२. मेलेला पक्षी सोलू नका, कापू नका. ओढ्यात, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका. पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. हात लावावाच लागला तर हाताला प्लास्टिकची पिशवी आणि तोंडाला फडके बांधा. नंतर साबणाने हात धुवा.

३. नमुना घेणे डॉक्टरांचे काम. ते येईपर्यंत ताजा मेलेला पक्षी सावलीत झाकून ठेवा. तीन दिवसांचा कुजलेला पक्षी दाखवून उपयोग नसतो. नमुना बर्फात जातो की नाही, ते विचारायला संकोच करू नका.

४. एका वहीत लिहून ठेवा: पक्षी एकूण किती, कोणत्या दिवशी किती मेले, पिल्ले आणि खाद्य कुठून आणले. घरातल्या लेकी-सुनांनी हे काम चांगले जमते, कारण खुराड्याचा हिशेब त्यांच्याच डोक्यात असतो.

५. निकाल येईपर्यंत एकही पक्षी बाजारात नेऊ नका, पाहुण्यांना देऊ नका.

६. निकाल आल्यावर डॉक्टरांना विचारा: नमुना कोणत्या तारखेला गेला, कशासाठी तपासला, काय निघाले? हा तुमचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारी भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. लपवाछपवी केली तर पक्षीही जातात आणि पैसाही.

त्या म्हातारीकडे मी नंतर एकदा मुद्दाम गेलो. म्हटले, "आजी, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं त्याचं उत्तर आणलंय." शिक्क्याच्या वजनाची गोष्ट तिला सांगितली. पाण्याच्या नळीचीही सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजी ते बी आधी काटा बघत्यात. मग त्या दिवशीच सांगायचं न्हाई का? माझ्या कोंबड्या गेल्या त्या गेल्याच, पर मनात किल्मिष ऱ्हायलं नसतं."

तिच्या दारात चार नव्या तलंगा दाणे टिपत होत्या. ती म्हणाली ते खरेच होते. ते त्याच दिवशी सांगायला हवे होते. म्हणून आज तुम्हाला सांगितले. उद्या तुमच्या गावात अशी सभा भरली आणि कोणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर तुम्ही द्या.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलू. तोवर रामराम.